आधी गुडघे मोजा, मग गावं

पत्र : मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. वय ६८. यवतमाळ जिल्ह्यात नेर तालुक्यात आमचं गाव. भजनी मंडळ आणि बचत गट मिळून आम्ही २२ जणी आहोत, सर्वांत लहान ५४ ची, सर्वांत मोठी ७९ ची. मागच्या माघात मी पुढाकार घेऊन गाडी ठरवली. एका दिवसात कारंजा, शेगाव, नागझरी आणि येताना अकोल्याचा राजराजेश्वर. नेमका गुरुवार होता. पहाटे चारला निघालो ते रात्री एकला परतलो. दोघींचे गुडघे सुजले, तिघींना गाडी लागली, शुगरवाल्या एकीला रांगेत घेरी आली. शेवटी टोल आणि ड्रायव्हरच्या भत्त्याचे पैसे वाढले, त्यावरून दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, "आई, आता कायले हा पसारा?" पण बाया पुन्हा विचारतात, यंदा कुठं? गटातल्या दोघींचं म्हणणं, दरवेळी देवळंच कशाला. सात वर्षांचा नातूही मागं लागला आहे. पुन्हा पुढाकार घ्यावा का? घेतला तर काय बदलू?
— एक आजी, नेर तालुका

आजी, पुढाकार घ्या. मागच्या खेपेला जे बिघडलं त्यात वयाचा भाग थोडा आणि यादीचा फार होता.

हिशेब करून बघा. साठीच्या आसपासच्या २२ बायांना गाडीतून उतरायला दहा मिनिटं लागतात, चढायला पंधरा. त्यात कोणाची चप्पल सापडत नाही, कोणी प्रसादाच्या दुकानाशी थांबते. म्हणजे दर्शनाचा वेळ सोडून प्रत्येक ठिकाणी अर्धा तास नुसता उतरण्या-चढण्यात जातो. चार ठिकाणं आणि चहाचे दोन थांबे धरले तर तीन तास तिथेच संपले. नेरहून शेगावला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर होतात, आणि गुरुवारी तिथे रांग मोठी असणारच. रात्रीचा एक वाजणार हे गाडी हलायच्या आधीच ठरलेलं होतं.

यंदा दोनच ठिकाणं धरा आणि गाडीत बसण्याचा एकूण वेळ सहा तासांच्या आत ठेवा. शेगाव पुन्हा करायचं असेल तर मुक्कामानेच करा. दुपारी पोचायचं, भक्तनिवासात अंग टाकायचं, पहाटे दर्शन घेऊन जेवण करून परतायचं. गुरुवार, रविवार, प्रकट दिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी सोडून कोणताही दिवस.

एका दिवसासाठी आमची सूचना कौंडण्यपूर आणि गुरुकुंज मोझरी. दोन्ही अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात. तुमच्या गावाहून फेरी साधारण दोनशे किलोमीटरच्या आत बसावी, तरी नेमका आकडा गाडीवाल्याकडून रस्ता ठरवून घ्या. कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचं माहेर मानलं जातं, आषाढीला तिथून पंढरपूरला पालखी जाते. माहेर म्हटलं की भजनी मंडळाला वेगळं काही सांगावं लागत नाही. देऊळ उंचावर आणि नदी खाली आहे, तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरायच्या की नाही ते वरच ठरवा. जिचा गुडघा दुखतो तिला उतरताना जास्त त्रास होतो, चढताना कमी, आणि हे बायांना खाली पोचल्यावर कळतं. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी आहे. सपाट जागा, बसून भजन म्हणण्यासारखी. दासटेकडी मात्र गुडघेवाल्यांनी खालूनच बघावी. आश्रम नागपूर-अमरावती महामार्गालगत आहे, म्हणून ज्या बाजूला जायचं त्याच बाजूला गाडी लावायला सांगा. २२ जणींनी महामार्ग ओलांडण्याइतकं धोक्याचं त्या दिवसात दुसरं काही नाही.

क्रमही तोच ठेवा. आधी कौंडण्यपूर, कारण चालणं तिथे जास्त आणि पाय सकाळी ताजे असतात. सकाळी सातला निघा, नाश्त्याचा थांबा धरून दहाच्या सुमारास पोचाल. साडेबाराला जेवण, त्यानंतर पाऊण तास कोणालाही कुठेही न हलवता सावलीत बसू द्या. अडीचच्या सुमारास मोझरी, आणि साडेचारला परत. तिथली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकेल, याचं मंडळाला वाईट वाटेल. पण जानेवारीत सहाला अंधारतं, आणि त्या दिवसांत रस्त्याला कापसाचे ट्रॅक्टर आणि बैलबंड्या असतात, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. प्रार्थना हवीच असेल तर मोझरीत राहण्याची सोय आधी विचारून मुक्काम करा. "थोडा उशीर होईल, चालते" हे मात्र चालवून घेऊ नका.

दिवस कोणता? संक्रांतीनंतर आणि महाशिवरात्रीच्या आत. त्याआधी कापसाची वेचणी जोरात असते, मजुरी बुडवून येणारीचं मन वावरातच राहतं. त्यानंतर ऊन तापू लागतं. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं, त्या तारखा आधी विचारून घ्या. एकादशी, चतुर्थी आणि सोमवार टाळा. उपासाच्या दिवशी शुगरवाली बाई गोळी घेते आणि साबुदाण्याची वाट बघत बसते. मागच्या खेपेला रांगेत घेरी आली तिचं बहुधा असंच काहीसं झालं असावं: पहाटे गोळी आणि खाणं नऊ-दहा वाजता.

आता गाडी. २२ जणींसाठी १७ सीटची गाडी घेऊन "सरकून बसू" म्हणू नका. जास्तीची माणसं भरलेली असताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना नाकी नऊ येतात. २५-२६ सीटची गाडी बघा. पाट्या पिवळ्या असाव्यात, म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याची परवानगी असलेली गाडी. भाडं ठरवताना सहा गोष्टी विचारा आणि मोबाईलवर लिहून मागवा: किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर (गाडी कमी धावली तरी तेवढे पैसे द्यावे लागतात), टोल कोणाचा, पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरचा भत्ता आणि जेवण कोणाकडे, आणि रात्री अमुक वाजल्यानंतर जादा लागतो का. मागचं भांडण यातल्या दोन प्रश्नांचं आहे. लेखी उत्तर असतं तर त्या दोघी तुमच्याशी नाही, कागदाशी भांडल्या असत्या.

गाडीची पहिली पायरी उंच असते. घरचा जाड लाकडी पाट किंवा वीतभर उंचीचं मजबूत स्टूल बरोबर घ्या, उतरताना-चढताना खाली ठेवायला. प्लास्टिकचं नको, ते घसरतं. सीटची पाठ धरायची नाही, दाराचा दांडा धरायचा, आणि दुखरा पाय उतरताना आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. मागच्या चाकावरच्या सीटवर धक्के सर्वांत जास्त बसतात. तिथे पाठीचा त्रास असणारीला बसवू नका, धडधाकटांना बसवा. गाडी लागणाऱ्या तिघी पुढे, खिडकीशी, नजर लांबच्या रस्त्यावर. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. त्या गोळीने झोप येते, म्हणून उतरताना त्या तिघींचा हात धरावा. आणि निघताना कढईतल्या गरम पुऱ्या कोणी आणल्या तरी त्यांना देऊ नका.

एसटीचं काय, असं कोणी विचारेलच. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि ७५ च्या पुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत. म्हणजे तुमच्या ७९ च्या आजींना तिकीटच नाही, मूळ आधार कार्ड मात्र जवळ हवं. एकाच ठिकाणी जाऊन मुक्काम करायचा असेल, जसं शेगाव, तर एसटीसारखं स्वस्त काही नाही. दोन आडवाटेची ठिकाणं एका दिवसात करताना मात्र बस बदलण्यात दिवस जातो. आणि ही सवलत एसटीच्या तिकिटाची असते, भाड्याच्या खासगी गाडीला तिचा काही उपयोग नाही.

पैशाकडे येऊ. समजा टोल-भत्त्यासकट गाडी ९,९०० रुपयांना पडली. २२ ने भागलं तर ४५० येतात, पण तसं भागू नका. ऐनवेळी दोघी गळतातच, कोणाचा पाहुणा येतो, कोणाचा नातू आजारी पडतो. म्हणून २० ने भागा: ४९५. चहा-नाश्ता ६०, जेवणाचं सामान १००, राखीव ५०. झाले ७०५, तुम्ही ७५० घ्या. हे पैसे एकदम मागितले तर चार जणी "मले नाही जमत" म्हणतील आणि खरं कारण सांगणार नाहीत. दसऱ्यानंतर भिशीसारखं सुरू करा, बाजाराच्या दिवशी आठवड्याला ५० रुपये. १५ आठवड्यांत ७५० होतात आणि तोवर संक्रांत आलेली असते. वेचणीचे पैसे हातात असतात तेव्हाच हे जमतं.

नियम पहिल्याच दिवशी भजनाच्या बैठकीत वाचून दाखवा. आठ दिवस आधी नाव कमी केलं तर सगळे पैसे परत. त्यानंतर गाडीचा वाटा परत नाही, जेवणाचा परत. पैसे एकीकडे आणि वही दुसरीकडे ठेवा. तुम्ही दोन्हीपैकी काहीच घेऊ नका, पुढारीण आणि खजिनदार एकच असली की कुजबुज सुरू होते. उरलेले पैसे परतताना गाडीतच मोजून वाटा, "पुढच्या डावाला धरू" म्हणू नका.

बायांच्या सहलीत सर्वांत जास्त त्रास कशाने होतो, तर पाणी न पिण्याने. रस्त्यात जायची सोय नाही म्हणून सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, घरी आल्यावर लघवीला आग होते. बीपीसाठी लघवीची गोळी असणाऱ्या तर त्या दिवशी गोळीच सोडून देतात, आणि ते कोणाला सांगतही नाहीत. गोळीची वेळ बदलता येते का, हे चार दिवस आधी डॉक्टरांना विचारायला लावा. उपाय भाषणाने होत नाही, जागा पक्क्या केल्याने होतो. दर दीड तासाला एक थांबा कागदावर हवा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मोफत असतं, डिझेल भरलं नसलं तरी. फक्त काही ठिकाणी कुलूप असतं आणि किल्ली आत असते, म्हणून ड्रायव्हरला आदल्या आठवड्यात येता-जाता बघून ठेवायला सांगा. कमोड कुठे आहे हेही विचारा, गुडघेवालीला खाली बसता येत नाही. "पुढचा थांबा पाऊण तासाने, तिथे सोय आहे" एवढं गाडीत मोठ्याने सांगितलं की बाटल्या आपोआप उघडतात. माणशी अडीच लिटर धरून २० लिटरचे तीन जार लागतील. एक वगराळं बरोबर असू द्या, नाहीतर जार तिरपा करताना अर्धं पाणी सांडतं.

शुगरवाल्या किती, हे नुसतं विचारलं तर दोघी हात वर करतील आणि निघतील पाच. म्हणून प्रत्येकीची चिठ्ठी करा: नाव, गाव, घरचा नंबर, आजार, गोळ्यांची नावं. औषधाच्या पाकिटाचा फोटो काढला तरी चालतो. एक चिठ्ठी तिच्या बटव्यात, एक तुमच्याकडे. गोळी खाण्याबरोबर घ्यायची, आणि खाणं घड्याळाप्रमाणे, देव कितीही जवळ आला तरी. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं तर शुद्धीत असेपर्यंत तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून द्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की पोळी-भाकर द्या, नाही वाटलं तर साखर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, कूस वळवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिन घेणारीचं औषध ड्रायव्हरपुढच्या काचेशी ठेवू नका, उन्हाने खराब होतं.

जेवण घरचंच न्या. माणशी चार पोळ्या म्हणजे ९० च्या आसपास. एक किलो कणकेत २५-२६ होतात, तेव्हा साडेतीन किलो कणीक. पाच-सहा घरांत वाटून द्या, एकीच्या माथी नको. पोळ्या पूर्ण निवल्यावर कापडात बांधा. गरम-गरम डब्यात भरल्या की वाफेने ओल्या होतात आणि दुपारी वास मारतात. कोरडा झुणका, आलूची कोरडी भाजी, जवसाची चटणी, लसणाचा ठेचा. ओलं खोबरं, दही, टमाट्याची पातळ भाजी नको, ती दुपारपर्यंत फसफसते. दात नसलेल्या दोघी-तिघी असतीलच, त्यांच्यासाठी झुणका थोडा मऊ ठेवा, बरोबर दशम्या. फळ म्हणून संत्री. सालं गाडीबाहेर फेकायची नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मोजणी डोक्यांनी करू नका, जोड्यांनी करा. ११ जोड्या, प्रत्येकीत एक पायाने घट्ट आणि एक थकलेली. गाडी हलण्याआधी प्रत्येकीने आपली जोडीदारीण बसली का एवढंच सांगायचं. जावा-जावा किंवा विहिणी-विहिणींची जोडी शक्यतो लावू नका, का ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. चुकामूक झाली तर जिथे हरवलो तिथेच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही. सोनं घरी. निदान पाच जणींकडे चार्ज केलेला फोन आणि त्यात ड्रायव्हरचा नंबर.

देवळंच कशाला म्हणणाऱ्या दोघींचं ऐका. सहल बचत गटाचीही आहे, आणि ठिकाणं एकाच आळीच्या मनातली असली तर दुसऱ्या आळीच्या बाया पुढच्या वर्षी पैसे भरत नाहीत. पुढची फेरी त्यांना निवडू द्या. नागपूरची दीक्षाभूमी निवडली तर दसरा आणि १४ ऑक्टोबर सोडून जा, त्या दिवसांत तिथे लाखोंनी माणसं असतात आणि थकलेल्या बायांना बसायलाही जागा मिळत नाही. सेवाग्राम-पवनार हीदेखील चांगली जोडी आहे. सेवाग्रामचं जुनं नाव शेगावच होतं. गांधीजींची पत्रं आपल्या बुलढाण्याच्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये बायांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. बायांनीच चालवलेली जागा बघायला बचत गटाला आवडेल.

काशीचा विषय निघाला तर एवढं लक्षात ठेवा. रेल्वेत ज्येष्ठांना तिकिटात सूट मिळायची ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ४५ च्या पुढच्या बायांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर एक किंवा दोघीच असतील तर. म्हणून सहा जणींचं एक तिकीट काढू नका, दोघी-दोघींची तीन काढा.

मुलाचं बोलणं मनावर घेऊ नका, पण उडवूनही लावू नका. त्याला परवानगी मागायची नाही, कागद द्यायचा: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, रस्ता, थांबे, परत येण्याची वेळ. मागच्या वेळी रात्री एकपर्यंत तो जागा होता, त्याचा राग बहुतेक त्या जागरणाचा आहे. साडेसहाला वाटेतून एक फोन करा. सूनबाईला आदल्या दिवशी विचारा की त्या दिवशी नातवाचं कोण बघणार. तुम्ही घरात नसण्याचा भार तिच्यावर पडतो, आणि ते तिला कोणी विचारत नाही.

नातवाला मात्र या गाडीत नेऊ नका. तुमचं लक्ष २१ जणींवर असणार, आणि सात वर्षांचं लेकरू नदीकाठी दोन मिनिटांत दिसेनासं होतं. शिवाय एकीने आणला की चौघी आणतात. त्याची सहल वेगळी, तुमची दोघांचीच. सकाळच्या एसटीने अमरावती, तिथून बडनेरा. एसटीत त्याचं अर्धं तिकीट, तुमचंही अर्धं. बडनेऱ्याला दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढा आणि तासभर गाड्या दाखवा, मुंबई-हावडा मार्ग आहे, फार वाट बघावी लागत नाही. रूळापासून लांब, भिंतीकडच्या बाकावर बसा. त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि परतीची बस चारच्या आतली धरा. त्यानंतर ते पोर झोपतं, आणि झोपलेलं पोर कडेवर घेऊन उतरणं तुमच्या गुडघ्यांना जमायचं नाही.